बंद पेटीतील विद्या : ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी सुधारण्याचा अभ्यास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजवटी, तह आणि लढाया यांना भरपूर जागा मिळते. ज्या यंत्रांनी सामान्य माणसाचे रोजचे जगणे बदलले, त्यांना क्वचितच मिळते. स्मरणिकेच्या या पानांवर आम्ही अशाच एका यंत्राचा पाठ मांडीत आहोत. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज वाहने चालवितात, काही ती दुरुस्त करतात, तर काही अभियंते झाले आहेत. त्यांना या पाठात ओळखीचे काही सापडेल. जे पालक व समाजबांधव या धंद्याशी संबंधित नाहीत, त्यांनाही तो समजावा असा आमचा प्रयत्न आहे.

विषय अमेरिकेतील आहे. तेथे पिकअप ट्रक हे शेतकऱ्याचे, सुताराचे, नळकाम करणाऱ्याचे आणि कुटुंबवत्सल नोकरदाराचेही वाहन आहे. पुढे माणसांची जागा, मागे उघडा हौदा आणि गरजेप्रमाणे त्यामागे जोडलेला ट्रेलर, असे त्याचे रूप. यांपैकी बहुतेक ट्रकांत गिअर आपोआप बदलतात. कारागिराची मजुरी महाग आणि घराला लागून गॅरेज, यांमुळे तेथील अनेक मालक हा गिअरबॉक्स स्वतःच खाली उतरवितात, उघडतात आणि पूर्वीपेक्षा मजबूत करून परत बसवितात. ते हे कसे करतात आणि त्यांना हे का करता येते, हे दोन प्रश्न आमच्यापुढे आहेत.

थोडा इतिहास

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दोन पाय आहेत. पहिला ग्रहमालिकेसारखी दातेरी चाके. मध्यभागी 'सूर्य' चाक, त्याभोवती फिरणारी 'ग्रह' चाके आणि सर्वांना वेढणारे आतून दाते असलेले कडे. यांतील एक भाग धरून ठेवला आणि दुसऱ्याला गती दिली की तिसरा वेगळ्या वेगाने फिरतो. कोणता भाग धरायचा एवढेच बदलले की गिअर बदलतो. फोर्ड कंपनीच्या १९०८ सालच्या मॉडेल टी मोटारीतही हीच रचना होती. मात्र तेथे धरण्या-सोडण्याचे काम चालक पायाने करीत असे.

दुसरा पाय म्हणजे तेलातून शक्ती वाहून नेण्याची युक्ती. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. हवेच्या जागी तेल कल्पावे, म्हणजे तत्त्व कळते. इंजिन व चाके यांत लोखंडाची पक्की सांधणी नसल्यामुळे गाडी उभी असतानाही इंजिन बंद पडत नाही.

हे दोन पाय जुळवून जनरल मोटर्सने १९३९ साली 'हायड्रामॅटिक' हा गिअरबॉक्स जाहीर केला आणि तो १९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारींत बसविला. दुसऱ्या महायुद्धात तोच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांत गेला. पुढे फ्योटिंगरच्या कल्पनेचे सुधारलेले रूप, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, सर्वत्र रूढ झाले. यात दोन पंख्यांमध्ये तिसरे चाक असते. ते परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते व गाडी हलताना इंजिनाचा जोर वाढवून देते.

दोष कोठे असतो?

अभ्यासासाठी आम्ही जनरल मोटर्सचाच एक गिअरबॉक्स घेतला आहे. १९८२ साली आलेल्या ७००-आर-४ या गिअरबॉक्सला १९९३ पासून संगणकाचे नियंत्रण मिळाले आणि त्याचे नाव '४एल६०-ई' असे झाले. चार म्हणजे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीत बसविलेला, ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. शेव्हरोलेच्या असंख्य पिकअप ट्रकांत तो बसविला गेला, आणि घरगुती कारागिरांनीही तो मोठ्या प्रमाणावर उघडला.

कारखान्यातून येणारे यंत्र ही एक तडजोड असते. गिअर बदलताना प्रवाशाला धक्का बसू नये म्हणून आतील क्लच प्लेटा हळूहळू पकड घेतील, अशी व्यवस्था केलेली असते. परंतु हळूहळू पकड घेणे म्हणजे तेवढा वेळ घसरणे. घसरण्यातून उष्णता निर्माण होते. रिकाम्या गाडीला हे चालून जाते. मागे जड ट्रेलर जोडून घाट चढताना मात्र ती उष्णता साठत जाते, तेल काळपटते, रबरी सील कडक होतात, दाब गळतो आणि दाब गळल्याने प्लेटा आणखी घसरतात. गुळगुळीत प्रवासाची किंमत अशी आतल्या आत चुकवावी लागते.

या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या व चौथ्या गिअरसाठी लागणारा क्लच सर्वप्रथम जळतो, हा कारागिरांचा सार्वत्रिक अनुभव आहे. दुसरी प्रसिद्ध दुखणी म्हणजे सूर्य चाकाला जोडणारे पत्र्याचे कवच. ते तुटले की दुसरा, चौथा आणि मागचा हे तीन गिअर एकदम जातात. पहिला व तिसरा मात्र शाबूत राहतात. नवशिक्याला वाटते, तीन बिघाड झाले. ज्याने रचना समजून घेतली आहे, तो विचारतो की या तिन्ही गिअरांत समान असलेला भाग कोणता? उत्तर एकच निघते. गिअरबॉक्स न उघडता केवळ तर्काने दोष ठरविण्याचा हा उत्तम नमुना आहे. एखादी गोष्ट कोणी सांगितली म्हणून न मानता तपासून मानावी, असे आपण वर्गात शिकवितो. त्याचा प्रत्यय येथे येतो.

कामाचा क्रम

जाणते कारागीर प्रथम पाना उचलीत नाहीत. ते तेल पाहतात. चांगले तेल लाल व पारदर्शक असते. तपकिरी रंग आणि जळका वास म्हणजे प्लेटा जळाल्याची खूण. खालचा तेलाचा पॅन उतरविल्यावर त्यातील लोहचुंबकावर राखाडी, मेणासारखी मऊ भुकटी दिसली तर ती नेहमीची झीज समजावी. धातूचे कण किंवा तुकडे दिसले, तर वरवरच्या सुधारणेचा उपयोग नाही. गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

पहिली सुधारणा उष्णतेवर. मूळ रचनेत हे तेल रेडिएटरच्या आतील कप्प्यातून फिरून थंड होते. त्याच्या जोडीला रेडिएटरपुढे एक स्वतंत्र ऑइल कूलर बसवितात. हे काम गिअरबॉक्स न उतरविता होते आणि सर्व सुधारणांत आयुष्य वाढविणारे हेच पहिले पाऊल मानले जाते. थंड प्रदेशात रेडिएटरमधील मार्ग तोडीत नाहीत, कारण हिवाळ्यात तोच मार्ग तेल गरमही करतो.

दुसरी सुधारणा पकडीवर. तेलाचा दाब कोठे, केव्हा आणि किती पोहोचावा हे ठरविणाऱ्या भागाला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. अनेक बारीक वाटा असलेली ती एक धातूची पाटी असते. बाजारात मिळणाऱ्या 'शिफ्ट किट'मधील स्प्रिंगा व झडपा बसवून आणि पाटीवरील ठरावीक छिद्रे मोठी करून पकड लवकर व घट्ट होईल असे करतात. गिअर बदलताना हलका धक्का जाणवू लागतो; घसरण कमी होते. याच वेळी दुसऱ्या व चौथ्या गिअरचा पट्टा आवळणारा सर्व्हो पिस्टन काढून, कॉर्व्हेट मोटारीसाठी बनविलेला मोठा पिस्टन घालण्याची पद्धत आहे. पिस्टनचे क्षेत्रफळ वाढले की त्याच दाबाने जोर जास्त मिळतो. सातवी-आठवीच्या विज्ञानातील हा धडा येथे प्रत्यक्ष काम करतो.

तिसरी सुधारणा आतल्या भागांवर. यासाठी सुमारे ६५ ते ७० किलो वजनाचा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. जळलेल्या प्लेटांच्या जागी अधिक चांगल्या प्रतीच्या प्लेटा आणि तुटणाऱ्या कवचाच्या जागी कठीण केलेल्या पोलादाचे कवच बसवितात. सर्व सील नवे घालतात. नव्या प्लेटा बसविण्यापूर्वी तेलात भिजवितात. प्लेटांमधील मोकळी जागा फीलर गेजने मोजून कारखान्याच्या पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहतात. अंदाज येथे चालत नाही.

चौथे काम टॉर्क कन्व्हर्टरचे. तो वेल्डिंगने बंद केलेला असल्यामुळे घरी उघडत नाहीत, तयार आणतात. त्यात थोडे तेल भरून तो हलक्या हाताने फिरवीत आत सरकवितात. तो टप्प्याटप्प्याने आत बसतो, आणि शेवटचा टप्पा पूर्ण झाला नसताना बोल्ट आवळले तर आतील तेलपंप फुटतो. म्हणून गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट यांत साधारण तीन ते पाच मिलिमीटर मोकळी जागा आहे ना, हे आधी पाहतात. बोल्टने ओढून जुळणी करणे म्हणजे आठवड्याची मेहनत एका मिनिटात वाया घालविणे होय.

काही पथ्ये

गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये. सपाट जमीन, चाकांना अडसर आणि पुरेशा क्षमतेचे पक्के स्टँड यांशिवाय कामाला सुरुवात नाही. विटांवर किंवा लाकडाच्या ओंडक्यांवर गाडी तोलणे हे धाडस नव्हे, तो निष्काळजीपणा आहे.

उघडताना प्रत्येक पायरीचे छायाचित्र घ्यावे व भाग त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. व्हॉल्व्ह बॉडीतील लहान गोळ्या कोणत्या खाचेत होत्या हे स्मरणावर सोडू नये. एक गोळी चुकली तरी गिअर चुकतो.

जुन्या कूलरच्या नळ्या धुतल्याशिवाय नवे तेल भरू नये. जुन्या गिअरबॉक्समधील कण त्या नळ्यांत दडलेले असतात आणि पहिल्याच फेरीत नव्या प्लेटांवर येतात. जागा कितीही स्वच्छ असली तरी कामाच्या टेबलावर धागे सुटणारे फडके वापरू नये. तेल कंपनीने सांगितलेल्या श्रेणीचेच असावे. काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. अमेरिकेतील सुट्या भागांची अनेक दुकाने ते परत घेतात.

ही विद्या कोणाची?

आता दुसरा प्रश्न. शेतकरी किंवा सुतार असलेला मालक एवढे गुंतागुंतीचे यंत्र उघडू शकतो, यामागे केवळ त्याची हौस नाही. दुरुस्तीच्या पुस्तिका विकत मिळतात. मापे छापलेली असतात. सुटे भाग कोणालाही घेता येतात. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार, केवळ दुसऱ्या कंपनीचा भाग वापरला म्हणून तेथील उत्पादकाला हमी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, असे दाखवावे लागते. पुढे वाहनांत संगणक आले आणि माहिती पुन्हा कंपन्यांच्या कुलपात जाऊ लागली. तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. २०२३ साली कोलोरॅडो राज्याने शेतीच्या यंत्रांसाठी असाच कायदा केला.

म्हणजे यंत्र उघडण्याआधी त्याची माहिती खुली व्हावी लागते. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हाताने काम करणाऱ्याला पोथी नाही आणि पोथी वाचणाऱ्याच्या हाताला काम नाही, अशी विभागणी आपल्याकडे शतकानुशतके चालली. तिच्यात कारागिराचे ज्ञान अक्षरात उतरले नाही आणि शिकलेल्याचे ज्ञान लोखंडापर्यंत पोहोचले नाही. ज्याच्या हातात पाना आहे त्याच्याच दुसऱ्या हातात मापांची पुस्तिका असावी, हे या पाठाचे सार आम्ही मानतो.

भारतातील वाचकांसाठी एक सावधगिरी. आपल्याकडील अनेक गाड्यांवर 'एएमटी' असे लिहिलेले असते. त्यातील गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो, म्हणून वरील कृती त्याला लागू पडत नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. दुरुस्ती करणे व रचना बदलणे यांतील हा फरक आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दुसरा, चौथा व मागचा गिअर एकाच वेळी गेला, तर तीन भाग बदलावेत की एक? कारण द्या.

२. गिअर गुळगुळीत बदलणे आणि गिअरबॉक्स दीर्घकाळ टिकणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड कशा येतात?

३. सर्व्हो पिस्टनचा व्यास दुप्पट केला व तेलाचा दाब तोच ठेवला, तर जोर किती पट होईल?

४. आपल्या घरातील किंवा वस्तीतील एखाद्या कारागिराकडे असे कोणते ज्ञान आहे, जे अद्याप कोणी लिहून ठेवलेले नाही? त्यांच्याजवळ बसून ते मापांसह लिहून काढा आणि शाळेच्या ग्रंथालयात जमा करा.