‘गो’ या क्रियापदाची ये-जा

‘गो म्हणजे जाणे’ असे मुले पाठ करतात आणि त्या शब्दाचा अभ्यास तेथेच संपला असे मानतात. मीही पुष्कळ वर्षे असेच शिकवीत होतो. एकदा वसतिगृहातील एका मुलाने सुटीचा अर्ज हौसेने इंग्रजीत लिहून आणला. कारण एवढेच होते : ‘माय ग्रँडफादर वेंट.’ मी तांबड्या शाईने शेजारी ‘कुठे?’ असे लिहून अर्ज परत केला. मुलाने मान खाली घातली आणि म्हटले, “सर, आजोबा गेले.”

मराठीत ‘गेले’ एवढे पुरते. ठिकाण विचारायचे नसते. इंग्रजीत ‘वेंट’ म्हणताच ऐकणारा ठिकाणाची वाट पाहतो. अशा वेळी ‘डाइड’ किंवा, सौम्यपणे, ‘पास्ड अवे’ असे लिहावे.

‘वेंट’ हे रूप मुळात ‘गो’चे नव्हेच. ते ‘वेंड’ या दुसऱ्या क्रियापदाचे. ‘गो’ने उसने घेतले आणि परत केले नाही. यावर मुले हसतात. मग त्यांना विचारावे, ‘जातो’चे ‘गेलो’ कसे झाले? ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूपासून आले, ‘गेलो’ ‘गम्’पासून. म्हणजे आपल्याही घरी दोन कुळे एकत्र नांदतात. आपण रोज वंदनेत म्हणतो ते पाली ‘गच्छामि’ याच ‘गम्’चे रूप. ध्वनी जुळतो म्हणून त्याला ‘गो’चा भाऊ समजू नये, भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते इंग्रजीतील ‘कम’शी, म्हणजे चक्क ‘येणे’शी जोडतात!

वापरातील खाचाखोचा आपल्या परिसरातूनच समजतात. ‘ही हॅज गॉन टू वेरूळ’ म्हणजे तो लेणी पाहायला गेला आहे, अजून परतलेला नाही. ‘ही हॅज बीन टू वेरूळ’ म्हणजे जाऊन आला आहे. विद्यार्थी शिकायला ‘गो टू स्कूल’ करतो. त्याला भेटायला येणारे पालक मात्र ‘गो टू द स्कूल’. एका ‘द’ने शिकणारा आणि पाहुणा वेगळे होतात. ‘होम’पूर्वी ‘टू’ नको, हे तर सर्वांना ठाऊक असते आणि सर्वच विसरतात. भद्रा मारुतीला पायी जाणारे ‘गो ऑन फूट’ किंवा नुसते ‘वॉक’. ‘गो बाय वॉक’ नव्हे.

राहिला निरोप. सुटीला निघालेला मुलगा दारात ‘आय ॲम कमिंग’ म्हणतो, कारण निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असे त्याला आजीने शिकवलेले असते. इंग्रज ऐकणारा मात्र तो आत येतो आहे असे समजेल. मी सांगतो, “आय ॲम गोइंग म्हण.” तो बिनचूक म्हणून दाखवतो. पेटी उचलून फाटकापर्यंत पोचतो आणि मग वळून, मोठ्याने म्हणतो, “येतो, सर!”