वांग आणि उतावीळ उपचार

गालांच्या उंचवट्यांवर, कपाळावर, नाकावर आणि वरच्या ओठावर, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखेच, वेड्यावाकड्या कडांचे तपकिरी किंवा करडे डाग उमटतात, त्यांना मराठीत वांग म्हणतात आणि आधुनिक वैद्यकात मेलाझ्मा हे नाव आहे. हे डाग खाजत नाहीत, दुखत नाहीत, त्यांवर खपली धरत नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये व्यंग या नावाने वांगाची जी लक्षणे दिली आहेत, म्हणजे वेदना नसणे, डाग पातळ असणे आणि त्याचा रंग काळसर असणे, ती आजही रुग्णाच्या चेहऱ्याशी ताडून पाहता येतात. वांग संसर्गाने पसरत नाही, त्यातून कर्करोग होत नाही, आणि ‘लिव्हर बिघडले’ किंवा ‘रक्त अशुद्ध झाले’ असे जे निदान शेजारीपाजारी सर्रास करतात त्याला आधार नाही. तरीही हा विकार किरकोळ मानता येत नाही, कारण तो झाकता येत नाही. ज्या स्त्रीच्या चेहऱ्यावर तो येतो तिला भेटेल तो माणूस कारण विचारतो आणि उपाय सुचवतो, आणि वांगापेक्षा अधिक नुकसान पुष्कळदा या उपायांनीच होते.

त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. त्या टायरोसिनेज या विकराच्या साहाय्याने मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात आणि ते आसपासच्या पेशींना पुरवतात. वांगामध्ये या पेशींची संख्या फारशी वाढत नाही, त्यांचे काम मात्र वाढते, आणि ते वाढवणारी कारणे एकाच वेळी अनेक असतात: आनुवंशिक प्रवृत्ती, गरोदरपणातील किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे होणारा संप्रेरकांचा बदल, आणि सर्वांत प्रबळ म्हणजे ऊन. उन्हातील अतिनील किरणांइतकाच डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेतील रंगपेशींना चेतवतो, ही गोष्ट पुढे उपचारांच्या संदर्भात महत्त्वाची ठरते. रंगद्रव्य बाह्यत्वचेतच साठले असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि औषधांना तुलनेने लवकर दाद देतो. ते खाली अंतस्त्वचेत उतरले असेल तर डाग राखाडी-निळसर दिसतो व फार हळू फिका होतो. अनेकींच्या चेहऱ्यावर दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. वूड्स लॅम्प नावाच्या अतिनील दिव्याखाली वरचा डाग अधिक ठळक होतो, खोलचा तसा होत नाही, आणि त्यावरून डॉक्टरांना खोलीचा अंदाज बांधता येतो.

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो, आणि उपचार फसण्याचे पहिले कारण बहुधा येथेच असते. केस काळे करण्याच्या डायमधील पॅराफिनिलिनडायमिन या द्रव्याची अॅलर्जी होऊन कपाळाच्या कडेला आणि कानांपुढे काळसरपणा येतो. टिकलीच्या गोंदाने कपाळाच्या मध्यभागी डाग पडतो. मुरूम फोडल्यावर मागे राहणारा डाग वेगळा आणि लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस या विकारातील राखाडी डाग वेगळे. डायमुळे आलेल्या काळेपणावर वांगाचे क्रीम कितीही लावले तरी डाय चालू असेपर्यंत उपयोग होत नाही.

वांगाच्या औषधोपचाराचा आधुनिक इतिहास 1975 पासून मोजतात. त्या वर्षी अमेरिकेतील अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी 5% हायड्रोक्विनोन, 0.1% ट्रेटिनॉइन आणि 0.1% डेक्सामेथासोन यांचे मिश्रण मांडले. हायड्रोक्विनोन टायरोसिनेजला अडवते, ट्रेटिनॉइन पेशींची उलाढाल वाढवून रंगद्रव्य बाहेर टाकण्यास मदत करते, आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड या दोघांमुळे होणारी जळजळ शमवते. पुढे याच तत्त्वावर सौम्य स्टेरॉइड असलेले मिश्रण अमेरिकेत 2002 मध्ये मान्य झाले, तेही जास्तीत जास्त 8 आठवड्यांच्या वापरासाठी. भारतात मात्र मोमेटासोन हे अधिक तीव्र स्टेरॉइड घातलेली मिश्रणे बाजारात आली, औषधाच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळू लागली आणि गोरे होण्याचे क्रीम म्हणून महिनोन् महिने चेहऱ्याला लावली गेली.

प्रस्तुत लेखिकेचा अनुभव याच वाटेने गेलेला असल्यामुळे तो येथे नोंदवणे आवश्यक आहे. बाळंतपणानंतर गालांवर आलेल्या डागांसाठी तिला एका औषध दुकानातून अशीच एक ट्यूब मिळाली. डाग इतक्या झपाट्याने फिके झाले की नात्यातल्या स्त्रियांनीही तीच ट्यूब मागवली. काही महिन्यांनी गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, पुटकुळ्या आल्या, ओठांवर आणि गालांच्या कडेला लव दाट झाली, आणि स्वयंपाकघरात गॅससमोर उभे राहिले तरी चेहऱ्याची आग होऊ लागली. ट्यूब थांबवताच आग आणि लाली वाढे व पुन्हा लावताच ती शमे, त्यामुळे औषध सोडणेच अशक्य झाले. आणि अखेर ते सुटले तेव्हा वांग पूर्वीपेक्षा गडद होऊन परत आले होते. त्वचारोगतज्ज्ञाने वांगाला हात लावण्याआधी स्टेरॉइडने झालेली हानी दुरुस्त करण्यात दीर्घ काळ घालवला, आणि लेखिकेच्या मते संपूर्ण उपचारातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता.

या अवस्थेला त्वचारोगशास्त्रात स्टेरॉइडने बिघडलेला, स्टेरॉइडवर अवलंबून राहिलेला चेहरा असे स्वतंत्र नावच पडले आहे. भारतातील 12 केंद्रांत झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या त्वचेची तक्रार घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण स्टेरॉइड क्रीम वापरत होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना तो सल्ला डॉक्टरने दिलेला नव्हता. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. ही मनाई प्रत्यक्ष दुकानात पाळली जाते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. याहून गंभीर प्रकार पाऱ्याचा आहे. पाऱ्याचे क्षार रंगद्रव्याची निर्मिती रोखतात आणि त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडाला इजा करतात. अकोल्यातील एका कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना क्रीममधील पाऱ्याने इजा झाल्याचे मुंबईतील केईएम रुग्णालयातील तपासणीतून उघड झाल्याची बातमी 2023 मध्ये महाराष्ट्राने वाचली. वेष्टनावर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेले क्रीम, मग ते ब्यूटी पार्लरमधून आलेले असो की परदेशातून कोणी आणलेले, घरात ठेवू नये.

योग्य उपचाराचा पाया उन्हापासून संरक्षण हा आहे, आणि तो नसेल तर कोणतेही औषध टिकत नाही. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा अधिक आणि यूव्हीए प्रकारच्या अतिनील किरणांनाही रोखणारे असावे. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे आणि उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. साधे सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही, म्हणून वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयुक्त ठरते. यूव्हीए किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात, त्यामुळे घरात किंवा बसमध्ये खिडकीशी बसणारीलाही संरक्षण लागते. परंतु भाताची लावणी, ऊसतोड किंवा बांधकाम करणाऱ्या स्त्रीला दर दोन तासांनी सनस्क्रीन लावण्याचा सल्ला देणे म्हणजे तिची परिस्थितीच लक्षात न घेणे होय. तिच्यासाठी रुंद काठाची टोपी आणि घट्ट विणीच्या गडद सुती कापडाने बांधलेला चेहरा हेच खरे औषध आहे. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली स्कार्फ बांधतात तो प्रघात या दृष्टीने अत्यंत योग्य आहे.

औषधांपैकी अॅझेलेइक अॅसिड सौम्य आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गरोदरपणातही वापरता येते. ट्रेटिनॉइन मात्र त्या काळात वर्ज्य आहे. हायड्रोक्विनोन परिणामकारक असले तरी वर्षानुवर्षे वापरल्यास ऑक्रोनोसिस, म्हणजे त्वचेत कायमचा निळसर-काळा रंग साठण्याचा विकार, होऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांमध्ये तो 1975 मध्येच नोंदला गेला होता. पाळीतील अतिरक्तस्राव थांबवण्यासाठी दिले जाणारे ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड अलीकडे कमी मात्रेच्या गोळ्यांच्या रूपात वांगावरही दिले जाते आणि अनेकींना त्याचा चांगला गुण येतो. परंतु ज्या स्त्रीला स्वतःला किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला आहे, किंवा जी गर्भनिरोधक गोळ्या घेते, तिने ही माहिती आपण होऊन डॉक्टरांना सांगणे अनिवार्य आहे. लेझर आणि केमिकल पील यांच्या जाहिराती कितीही मोहक असल्या तरी सावळ्या त्वचेत त्यांच्या दाहामुळेच नवे डाग पडण्याची भीती असते, म्हणून ते पहिले पाऊल कधीच असू नये. लिंबू, टूथपेस्ट आणि घरगुती ब्लीच यांनीही हाच दाह होतो, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा अक्षरशः भाजते.

योग्य उपचाराने फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि डाग गेल्यावरही पुढच्या उन्हाळ्यात ते परत येऊ शकतात. गरोदरपणात आलेले वांग मात्र काही स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतर आपोआप फिकेही होते. म्हणून आठवड्याभरात चेहरा उजळवणाऱ्या ट्यूबचा गुण पाहून हुरळण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी कोणतेही नाव दिसले आणि ते त्वचारोगतज्ज्ञाने मुदत ठरवून लिहून दिलेले नसेल, तर ती ट्यूब चेहऱ्याला लावू नये आणि घरातल्या मुलींनाही लावू देऊ नये. आधीपासून लावत असल्यास ती मनाने बंद न करता हातात घेऊनच डॉक्टरांकडे जावे.