रोप आणि पीक

मृगाचा पाऊस पडला, की महाड तालुक्यातील वीर गावाच्या परिसरात भाताची पेरणी सुरू होते. प्रथम राबात बी पेरतात आणि रोपे वाढली, की ती उपटून चिखलात लावतात. शेतकरी राबाची विशेष निगा राखतो. रोप मुळातच खुरटले, तर पुढे कितीही खत घातले तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही, हे तो जाणतो.

माणसाच्या देहाचेही बरेचसे असेच आहे. परंतु त्यात एक नवल आहे. आईच्या उदरात ज्याची आबाळ झाली, ते मूल मोठेपणी कृशच राहील, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा उलट घडते. असे मूल पुढे स्थूल होण्याचा आणि त्याला मधुमेह जडण्याचा संभव अधिक असतो.

दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या पश्चिम भागात अन्नाचा भीषण तुटवडा पडला. त्या वेळी गर्भावस्थेत असलेली मुले 19 वर्षांची झाली, तेव्हा सैन्यासाठी त्यांची तपासणी झाली. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात ज्यांच्या मातांची उपासमार झाली होती, त्या तरुणांत लठ्ठपणाचे प्रमाण अधिक आढळले. हा निष्कर्ष 1976 साली प्रसिद्ध झाला.

आपल्या महाराष्ट्रातही या प्रश्नाचा कसून अभ्यास झाला आहे. वीरहून सह्याद्री ओलांडून पलीकडे गेले, की पुणे जिल्हा लागतो. तेथील सहा खेड्यांत 1993 साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी गर्भवती स्त्रियांच्या आहाराची पाहणी आरंभिली. या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे वजन सरासरी सुमारे 42 किलो होते. घरकाम, पाणी भरणे आणि शेतातील कष्ट त्यांना चुकत नव्हते. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे तेच वजन सुमारे 3.5 किलो होते.

पुण्याकडील बाळे लहान होती, यात आश्चर्य नव्हते. आश्चर्य पुढेच होते. त्यांचे स्नायू व पोटातील अवयव बेताचे वाढलेले होते. परंतु त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, तरी आतून मेदयुक्त अशी ही बाळे होती!

असे का व्हावे? गर्भाला अन्न अपुरे मिळाले, की देह काटकसर करू लागतो. जे थोडे मिळते ते प्रथम मेंदूसाठी राखले जाते. इतर अवयवांच्या वाट्याला कमी येते. पुढील दिवसही टंचाईचेच येतील, अशा बेताने जणू देहाची घडण होते. रक्तातील साखर मोठ्या प्रमाणावर शोषून घेण्याचे काम स्नायू करतात. स्नायूच थोडे असतील आणि पुढे खाणे भरपूर व श्रम कमी झाले, तर साखर रक्तात साचू लागते आणि चरबी वाढते. टंचाईसाठी घडलेल्या देहाला सुबत्ता सोसत नाही.

केवळ पोट भरले म्हणजे पोषण झाले, असेही नाही. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक भरदार होती, असे याच अभ्यासात दिसून आले. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-12 हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. पुढे 2012 साली, तारुण्यात आलेल्या त्याच मुलामुलींना ब-12 देण्याचा प्रयोग सुरू झाला. माता-पिता होण्याआधीच त्यांचे पोषण सुधारावे, हा त्यामागील हेतू होता.

जन्मवजन कमी असले म्हणून कोणाचे भवितव्य ठरून जात नाही. मैदानी खेळ, अंगमेहनत आणि मोजका, चौरस आहार यांनी पुष्कळ संकटे टळतात. महाडकडील घरांतून नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, शेवग्याचा पाला आणि सुकट हे पदार्थ परिचयाचे आहेत. यांत पोषण आहे आणि ते फार महागही नाही.

मात्र एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवली पाहिजे. कित्येक घरांत सर्वांची जेवणे उरकल्यावर, जे उरेल ते आई आणि मुली खातात. आजची मुलगी ही उद्याची माता आहे. तिच्या ताटातून कमी झालेली भाजी किंवा दुधाची वाटी म्हणजे पुढच्या पिढीच्या वाट्याचे अन्न होय. राबाची काळजी घेणाऱ्या घराने आपल्या लेकीच्या ताटाचीही तितकीच काळजी घेतली पाहिजे.

स्वाध्याय
1. ‘टंचाईसाठी घडलेल्या देहाला सुबत्ता सोसत नाही,’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
2. पुण्याजवळील खेड्यांतील बाळांविषयी कोणती आश्चर्यकारक गोष्ट आढळली?
3. तुमच्या घरी कोण केव्हा जेवते व कोणाच्या ताटात काय असते, याचे आठ दिवस निरीक्षण करा आणि दहा ओळी लिहा.