आकाशातून बोलणारे मित्र

मुलांनो, चक्रीवादळाचा इशारा मिळाला की घरात किती धांदल उडते, ते तुम्हांला ठाऊक आहे. बाबा खिडक्यांना फळ्या ठोकतात. आई बादल्या आणि बाटल्या पाण्याने भरून ठेवते. आजी मेणबत्त्या शोधते. कपाटातला छोटा रेडिओ बाहेर येतो आणि त्यातले सेल तपासले जातात. मग सगळेजण हवामानखात्याची बातमी ऐकत बसतात.

वादळ जोरात आले की आधी वीज जाते. मग टेलिफोनच्या तारा तुटतात. मोबाइल फोन तारांशिवाय चालतो खरा, पण त्याच्या उंच टॉवरला वीज लागते. टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की मोबाइलही मुका होतो. राहतो तो छोटा रेडिओ. तो आपल्याशी बोलतो, पण आपण त्याच्याशी बोलू शकत नाही. मग पलीकडच्या गावात कोणी घराखाली अडकले, कोणाला औषध हवे झाले, तर ते कळवायचे कसे?

अशा वेळी दुसऱ्या प्रकारचा रेडिओ उपयोगी पडतो. त्यावर ऐकता येते आणि बोलताही येते. तो हौसेने चालवणारी माणसे जगात लाखो आहेत. त्यांना 'हॅम' म्हणतात. पावात घालून खातात ते हॅम निराळे बरे का! हे हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. त्यांत शिक्षक असतात, डॉक्टर असतात, दुकानदार असतात, शाळेत जाणारी मुलेही असतात. भारताचे पंतप्रधान राजीव गांधी हेसुद्धा हॅम होते. या कामाचे पैसे घेता येत नाहीत. मात्र आधी अभ्यास करून परीक्षा द्यावी लागते. उत्तीर्ण झाल्यावर सरकारकडून परवाना मिळतो आणि त्यासोबत एक खुणेचे नाव मिळते.

हे खुणेचे नाव मोठे मजेचे असते. ते अक्षरे आणि आकडे यांचे बनलेले असते. जगात तसे नाव दुसऱ्या कोणाचेही नसते. त्याची सुरुवात ऐकली की बोलणारा कोठला, ते लगेच कळते. 'व्ही यू'ने सुरू झाले तर तो भारतातला. 'थ्री बी एट'ने सुरू झाले तर तो आपल्या मॉरिशस बेटावरचा. 'थ्री बी नाइन' म्हणजे रॉड्रिग्स. अगालेगासाठी 'थ्री बी सिक्स' आणि सेंट ब्रँडनसाठी 'थ्री बी सेव्हन'. पाहा, आपला देश लहान आहे, पण रेडिओच्या जगात त्याला चार-चार खुणा मिळाल्या आहेत!

आता तुम्ही विचाराल, येथे बोललेले मुंबईला कसे ऐकू जाते? मुंबई येथून सुमारे ४,७०० किलोमीटर दूर आहे आणि पृथ्वी तर गोल आहे. रेडिओच्या लहरी सरळ जातात. त्या आकाशात निघून जायला नकोत का?

कॅरम आठवा. सोंगटी सरळ मारता येत नसेल, तर आपण स्ट्रायकर फळीच्या कडेवर आपटतो. तो उलटून येतो आणि सोंगटीला लागतो. पृथ्वीभोवतीही अशीच एक कड आहे. सुमारे १०० ते ४०० किलोमीटर उंचीवर विरळ हवेचे थर आहेत. सूर्यकिरणांमुळे त्या हवेत विजेचा भार असलेले कण तयार होतात. काही लहरी या थरांत शिरल्या की वळून पुन्हा खाली येतात. जमिनीवर किंवा समुद्रावर आपटून त्या परत वर जातात, पुन्हा खाली येतात. अशा उड्या मारत त्या मुंबई गाठतात. वेळ किती लागतो? सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकाही नाही. तुमची पापणी लवायच्या आत शब्द पोहोचलेला असतो. मात्र हे थर सारखे बदलतात. सकाळी जेथला आवाज ऐकू येतो, तेथला रात्री येईलच असे नाही. म्हणून हॅम लोक मासे पकडणाऱ्यांसारखे धीर धरून बसतात.

दूरचा आवाज नेहमी स्वच्छ येत नाही. खरखर येते, शिट्ट्या येतात, दोन-तीन माणसे एकदम बोलतात. अशा गोंधळात इंग्रजी 'बी', 'डी' आणि 'पी' ही अक्षरे कानाला सारखीच लागतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरवून दिला आहे. 'ए'साठी अल्फा, 'बी'साठी ब्राव्हो, 'सी'साठी चार्ली. समजा, तुमच्या वर्गात मीना नावाची मुलगी आहे. तिने आपले नाव इंग्रजी अक्षरांत सांगायचे ठरवले, तर ती म्हणेल, "माइक, एको, एको, नोव्हेंबर, अल्फा." आकड्यांचेही तसेच. इंग्रजीतले 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' चटकन वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून हॅम पंधरा म्हणत नाही. तो 'एक, पाच' असे सुटे आकडे सांगतो. ही गोष्ट लहान वाटते. पण पूर आलेल्या गावाला पन्नास माणसांचे जेवण हवे असताना पंधरांचेच पोहोचले, तर पस्तीस माणसे उपाशी राहतील.

असे नेमके ऐकण्याची सवय एका दिवसात लागत नाही. त्यासाठी हॅम लोक स्पर्धा भरवतात. एक मोठी जागतिक स्पर्धा ऑक्टोबरच्या अखेरीस असते. ती पुरे ४८ तास चालते. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे चार वाजता ती सुरू होते आणि सोमवारी पहाटे चारला संपते. जास्तीत जास्त देशांतल्या हॅमशी बोलायचे, हा खेळ. बोलायचे तरी किती? फक्त खुणेचे नाव, आवाज कसा येतो ते, आणि आपल्या विभागाचा क्रमांक. या खेळासाठी जगाचे ४० विभाग पाडले आहेत. मॉरिशसचा क्रमांक ३९, भारताचा २२. एक संभाषण काही सेकंदांत आटोपते आणि लगेच दुसरा हाक मारतो. सगळे लिहून ठेवावे लागते. दुसऱ्याचे नाव लिहिताना एक अक्षर जरी चुकले, तरी त्या संभाषणाचे गुण जातात आणि वर आणखी गुण कापले जातात. दोन रात्री जागून डोळ्यांवर झोप आलेली असताना एकही अक्षर चुकवायचे नाही, हे काही सोपे नव्हे!

अमेरिका आणि कॅनडा या देशांतले हॅम दरवर्षी जून महिन्यात आणखी एक गंमत करतात. ते घर सोडून मैदानात, डोंगरावर किंवा बागेत जातात. तंबू ठोकतात, झाडांवर तारा टांगतात आणि बॅटरीवर किंवा सूर्याच्या उजेडावर चालणारे रेडिओ लावतात. दिवस आणि रात्र ते तेथूनच बोलतात. याला 'फील्ड डे' म्हणतात. ही प्रथा १९३३ साली सुरू झाली. पाऊस आला, वारा सुटला, तरी केंद्र चालू ठेवायचे. सहलीसारखी सहल होते आणि घरची वीज नसताना काम कसे करायचे तेही कळते.

काही हॅम तर याहून दूर जातात. २००७ च्या सप्टेंबर महिन्यात परदेशी हॅमची एक तुकडी आपल्या सेंट ब्रँडनला आली होती. तेथे दुकान नाही, विजेच्या तारा नाहीत. कोळी लोक मासेमारीसाठी येऊन राहतात, तेवढेच. त्या तुकडीने रेडिओ, तारा, तंबू, वीज तयार करणारी यंत्रे, सगळे जहाजातून नेले. त्या चिमुकल्या बेटावरून त्यांनी एक लाखाहून अधिक वेळा जगाशी संपर्क साधला. सेंट ब्रँडन नकाशावर कोठे आहे, हे त्या दिवसांत कितीतरी माणसांनी शोधले असेल.

अशाच एका बेटावर २००४ साली काय घडले, ते आता ऐका.

बंगालच्या उपसागरात भारताची अंदमान आणि निकोबार बेटे आहेत. तेथून हॅम रेडिओवर बोलायला अनेक वर्षे परवानगी मिळत नव्हती. भारती प्रसाद नावाच्या भारतीय हॅमने पुन्हा पुन्हा प्रयत्न करून ती मिळवली. डिसेंबर महिन्यात त्या काही सोबत्यांसह अंदमानच्या पोर्ट ब्लेअर शहरात पोहोचल्या. एका हॉटेलात त्यांनी आपले केंद्र उभारले. जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला धडपडत होते. सगळे आनंदात होते.

२६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हादरू लागली. समुद्राखाली फार मोठा भूकंप झाला होता. थोड्याच वेळात समुद्राच्या प्रचंड लाटा बेटांवर चालून आल्या. याच त्सुनामी लाटा पुढे हिंदी महासागर ओलांडून आपल्या रॉड्रिग्सपर्यंत पोहोचल्या होत्या. पण अंदमान-निकोबारमध्ये त्यांनी फार मोठा नाश केला. हजारो माणसे गेली. वीज बंद पडली, टेलिफोन बंद पडले. भारतातल्या नातेवाइकांना आपल्या माणसांचे काय झाले, ते कळेना.

भारतीबाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खेळ थांबवला. त्याच रेडिओवरून त्यांनी भारतातल्या हॅमना हाक मारली. आता खुणेची नावे गोळा करायची नव्हती. कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता नाही, कोठे काय हवे आहे, हे निरोप जाऊ लागले. पलीकडचा हॅम ते लिहून घेई आणि ज्याचे त्याला कळवी. निकोबारकडची बेटे तर अगदीच तुटली होती. तेव्हा काही हॅम रेडिओ घेऊन कार निकोबार बेटावर गेले आणि तेथून पोर्ट ब्लेअरशी बोलणे सुरू झाले. 'आम्ही सगळे ठीक आहोत' एवढाच निरोप कितीतरी घरी पोहोचला. एवढ्या चार शब्दांची वाट पाहणाऱ्या आईला विचारा, त्यांची किंमत काय असते!

अशा संकटाच्या वेळी हॅम लोकांचा एक नियम असतो. एकजण मुख्य होतो. तो सांगेल त्यानेच बोलायचे. बोलणाऱ्याने निरोप सावकाश सांगायचा. ऐकणाऱ्याने तो लिहून परत वाचून दाखवायचा. बाकीच्यांनी, मग ते जगात कोठेही असोत, आपले रेडिओ चालू ठेवायचे आणि गप्प राहायचे. कारण दूरच्या बेटावरून येणारा आवाज फार बारीक असतो. मध्येच कोणी 'हॅलो' म्हटले तरी तो बुडून जातो.

करून पाहा : वर्गाच्या दोन टोकांना दोघांनी पाठमोरे उभे राहावे. बाकीच्यांनी हळूहळू गलका करावा. पहिल्याने कागदावरचा निरोप वाचावा : 'रस्ता क्रमांक सात बंद. एक, पाच माणसे शाळेत. दोन मुले आजारी. पाणी हवे.' दुसऱ्याने तो लिहून परत वाचावा. किती चुका झाल्या, ते गुरुजींनी फळ्यावर लिहावे. मग गलका बंद करून पुन्हा एकदा खेळा.