जीप, पिकअप आणि आमची पाणंद

आमची आंब्याची बाग देवगड तालुक्यात, कातळाच्या उतारावर. बाबांच्या काळापासून तिथं जीप जाते: सीजे थ्री-बी, मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली. आता जोडीला डबल कॅब पिकअप आली आहे. चार दारं, पाच माणसांची ऐसपैस जागा आणि मागे हौदा. दोन्ही गाड्या चालवता चालवता जे उमगत गेलं, ते हे.

१. वाट अवघड झाली की ताकदीपेक्षा माप जास्त कामाला येतं. हायलक्ससारख्या पिकअपचं इंजिन २.८ लिटरचं आणि ताकद दोनशे अश्वशक्तीच्या वर. त्यापुढे आमची जीप कुठेच नाही. पण हायलक्सची लांबी ५,३२५ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३,०८५. सीजे थ्री-बीचं तेच अंतर ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या किंचित वर. पाणंदीला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे आहेत. काटकोनी वळणावर जीप एका दमात वळते, पिकअप मागे-पुढे करत काढावी लागते. उंचवट्यावर तर लांब गाडीचं पोटच टेकतं. आजची थारसुद्धा याच बाबतीत सरस आहे. ती मागच्या बाजूने ३६.८ अंशांपर्यंतचा चढ न टेकता सोडते, हायलक्स २६ अंशांपर्यंत. ज्या हौद्यासाठी पिकअप घ्यायची, तोच वहाळातून वर येताना जमिनीला घासतो.

२. गाडीतून खाली उतरायला लागणं हे वरदान होतं. आमच्या जीपच्या पुढच्या चाकांना हब लॉक आहेत. फोर बाय फोर लावायचं तर आधी उतरून, चाकाशी उकिडवं बसून, चिखलाने माखलेली ती चकती हाताने फिरवायची. तेवढ्यात चाकाखाली काय आहे ते दिसतं: लाल माती नुसती वरवर भिजली आहे की आत दलदल आहे, दगड पक्का आहे की डुगडुगतो. पिकअपमध्ये सीटवर बसून एक बटण फिरवलं की काम झालं. तरी पावसाळ्यात मी वहाळाशी गाडी थांबवून उतरतोच.

३. नव्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दल मला मनापासून आदर वाटू लागला. साध्या डिफरन्शियलची खोड अशी की एक चाक अधांतरी झालं की तेच गरगर फिरतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. जीपमध्ये अशा वेळी चाकाखाली दगड, झावळ्या, जे हाताला लागेल ते घालायचं. नवी गाडी त्या फिरत्या चाकालाच ब्रेक लावते, मग जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. हे सगळं क्षणार्धात, आपल्याला न विचारता. इतकी वर्षं आमच्या गड्यांनी खांदे लावून जे केलं, ते आता गाडी स्वतः करते. मला हे फार मोठं वाटतं.

४. पिकअप रिकामी असताना तिच्यावरून मत बनवू नये. मागचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात. रिकाम्या हौद्याने ती कातळावर इतकी उडते की मागच्या सीटवरची माणसं वैतागतात. "दादानू, येताना मी फुडेच बसतंय," हे मी नेहमी ऐकतो. त्यात वजन पुढे इंजिनाकडे, त्यामुळे ओल्या चढावर मागची चाकं लवकर घसरतात. पण एप्रिलमध्ये हौदा पेट्यांनी भरला की तीच गाडी बसते, स्थिर होते, आणि आंबा न दुखावता खाली येतो. जीपला ट्रेलर जोडून एवढा माल आणायचा म्हणजे उतारावर जीव मुठीत धरावा लागे.

५. या दोघींना एकमेकींच्या जागी बसवणं हाच अन्याय आहे. जीप १९४१ च्या सुमारास लष्करासाठी जन्मली. टेहळणी करायची, निरोप न्यायचे, वाट नसेल तिथं माणूस पोचवायचा. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि तीच गाडी आपल्याकडे धरणांच्या कामांवर, जंगलखात्यात, तहसीलदारांच्या दौऱ्यांवर फिरली. ती घोड्याची वारस. पिकअप वारस आहे बैलगाडीची. गावात बोलेरो कॅम्पर घेणारा माणूस हे बरोबर ओळखून असतो: चार गडी आत, खताची पोती मागे.

६. दुरुस्तीचं कौतुक मी आता बेताने करतो. जीप पान्हा आणि तारेच्या तुकड्यावर रस्त्यातच सुरू होते हे खरं. पण ती वारंवार बंदही पडते. आणि कापडी टपाच्या, एअरबॅग नसलेल्या गाडीत लेकरांना घेऊन फोंडा घाट उतरावा असं मला वाटत नाही. घाटात पिकअपच.

७. सध्या गावात पाणंद रुंद करायची चर्चा आहे, मोठ्या गाड्या थेट बागेत जाव्यात म्हणून. माल लवकर निघेल, माझी सोय होईल, हे कळतं. पण ते गडगे माती धरून आहेत. ते पाडले तर पहिल्याच मृगात वरची माती वहाळात जाईल आणि कलमांची मुळं उघडी पडतील. मी ग्रामसभेत म्हणणार आहे की पिकअप वाडीच्या तिठ्यापर्यंत येऊ दे, तिथं वळायला जागा करू. बागेपासून तिठ्यापर्यंत पेट्या जीप आणील.