रस्त्यावरून फोन आला की

पालकहो, अठरा पूर्ण झाली की आपली मुलं गाडी घेऊन गडहिंग्लजला, चंदगडला, पावसाळ्यात आंबोलीला निघतात. लायसन्स असतं, हेल्मेट असतं. पण गाडी वाटेत बंद पडली तर काय करायचं, हे त्यांना कोण शिकवणार? ते आपणच शिकवायचं. एखाद्या रविवारी दारात कार उभी करा आणि मुलाला, मुलीलाही, स्टेपनी बदलायला लावा. हँडब्रेक ओढायचा, चाकाला दगड लावायचा, नट जॅक चढवायच्या आधी सैल करायचे. आपण फक्त बघत उभं राहायचं, पाना हातात घ्यायचा नाही.

गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या धावतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवाही नसतो. अशा रस्त्यावर बंद गाडीच्या मागं उभं राहणं जिवावरचं. गाडी साइडपट्टीवर घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे, लाल त्रिकोण बराच मागं ठेवायचा, घाटात तर वळणाच्याही मागं. आणि माणसांनी रस्ता सोडून बाजूला थांबायचं.

अपघात दिसला तर १०८ किंवा ११२. जखमीला पाणी पाजायचं नाही, श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही. पोलिसांचं झंझट नको म्हणून मुलांना पुढं निघायला सांगू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र आपल्याच हातात आहे, ते म्हणजे आपलं बोलणं. आपल्या नेसरीच्या मातीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. शिवाजी महाराजांच्या पत्रातले खडे बोल त्यांच्या जिव्हारी लागले होते, असं सांगतात. ते रणांगण होतं, राज्याचा प्रश्न होता. आपल्या घरातला प्रश्न एका बंपरचा असतो. तरीही बाबा काय म्हणतील या धास्तीनं पोरं फोन करत नाहीत, फुटक्या हेडलाइटवर अंधारात गाडी रेटतात. त्या धास्तीचं मला फार भय वाटतं.

म्हणून फोन आला की आधी विचारा, ‘लागलं नाही ना? कुठं आहेस? सोबत कोण आहे?’ गाडीचं काय झालं, ते पोर घरी येऊन जेवल्यावर.