लांकूड ओढणाऱ्या ट्रॉलीचा टायर

मेळघाटचें सागवान परतवाड्याच्या आगारांत येतें. शेतीचीं कामें आटोपल्यावर अचलपूरकडील कांहीं शेतकरी आपली ट्रॉली लांकूड ओढण्यास भाड्यानें लावतात. घाटांत भरल्या ट्रॉलीचा टायर फुटला तर भाडें तर बुडतेंच, जिवावरही बेततें. बैलगाडीची लोखंडी धाव ढिली झाली कीं कानांस कळे. रबराचा दोष आंतच राहतो.

बाजारांत रिमोल्ड टायर स्वस्त मिळतो व त्याची नक्षी नव्यासारखी दिसते. परंतु भार नक्षी वाहत नाहीं, आंतील धाग्यांचा सांगाडा वाहतो. जंगलवाटेवरील खुंट व दगड टायराच्या बगलेस लागतात, आणि रिमोल्डची बगल बहुधा जुनीच असते. रेडियल टायर डांबरी सडकेवर अधिक टिकतो, पण त्याची बगल पातळ. म्हणून अशा वाटेस आम्ही जाड बगलेचा नायलॉन टायरच पसंत करूं.

किंमत खेपांवर मोजावी. समजा, १२,००० रुपयांचा टायर ३०० खेपा चालला व ६,००० चा १०० च. तर पहिल्यास खेपेमागें ४० रुपये पडले, दुसऱ्यास ६०.

घेतांना बगलेवरील चार आंकडे वाचावे. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. फार दिवस पडून राहिलेलें रबर तडकतें. हवा टायर थंड असतां मोजावी. ती कमी असल्यास बगल दुमडून तापते व धागे तुटतात.

चांगल्या सांगाड्याचा रिमोल्ड कापसाच्या हलक्या खेपांस खुशाल वापरावा.